दोन वैमानिक आणि वेगाचा काटा



उड्डाणशिक्षणात हयात घालविलेल्या आपणांसारख्या मंडळींनी मला या स्थानी बसविले, त्याबद्दलची कृतज्ञता एका वाक्यात व्यक्त करून, ज्या अपघाताने मला शिक्षक म्हणून कित्येक वर्षे स्वस्थ बसू दिले नाही त्याच्याविषयीच आज बोलावे असे मी ठरविले आहे.

२५ ऑक्टोबर २००२ रोजी सकाळी अमेरिकेतील मिनेसोटाचे सिनेटर पॉल वेलस्टोन, त्यांच्या पत्नी शीला, त्यांची कन्या आणि तीन सहकारी यांना घेऊन दोन वैमानिकांनी एक किंग एअर ए-१०० विमान सेंट पॉलहून उत्तरेस एव्हेलेथकडे नेले. निवडणूक अवघ्या अकरा दिवसांवर आलेली असताना, प्रचाराची धामधूम बाजूस ठेवून, वेलस्टोन एका अंत्यविधीस निघाले होते. ढग खाली आले होते. धावपट्टी सुमारे दोन मैलांवर राहिली असता विमान झाडीत कोसळले आणि आठांपैकी एकही जीव वाचला नाही.

तेथील अवतरण व्हीओआर या जमिनीवरील रेडिओ-केंद्राच्या आधाराने करावयाचे होते. त्याच्या संकेतावर हलणारी उपकरणातील सुई डावे-उजवे सांगते, उतरण्याचा उतार मात्र सांगत नाही. म्हणून वैमानिकाने शक्ती कमी करून खाली यावयाचे, नेमलेल्या उंचीवर विमान सपाट करावयाचे आणि त्याच क्षणी शक्ती पुन्हा वाढवावयाची असते. हे शेवटचे राहून गेले, आणि उंची राखण्यासाठी नाक मात्र वर उचलले जात राहिले, तर वेग हळूहळू ओसरतो, पंखावरील वायुप्रवाह तुटतो, म्हणजेच विमान ‘स्टॉल’ होते, आणि जमीन इतकी जवळ असताना सावरण्यास अवकाश उरत नाही.

लोकांनी बर्फाला दोष दिला, कोणी घातपाताचाही संशय घेतला. परंतु राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने वर्षभर तपास करून २००३ च्या नोव्हेंबरात निष्कर्ष दाखल केला तो असा, की वैमानिकांनी पुरेसा वेग राखला नाही, त्यामुळे विमान स्टॉल झाले व त्यातून ते सावरले नाही. वेग घटताच इशारा देणारे साधन असावे, याचाही विचार मंडळाने आपल्या शिफारशींत केला.

त्या विमानात ध्वनिमुद्रक नव्हता. रडारच्या नोंदींवरून वेग कसा उतरत गेला हे कळले. त्या दोघां वैमानिकांत काय बोलणे झाले, किंवा मुळात झाले की नाही, हे कधीच कळणार नाही. मला व्याकूळ करते ते हेच: वेगाचा काटा दोघांच्याही समोर होता. एकाचे चित्त मार्गरेषेत गुंतले असेल तर ते मी समजू शकतो, कारण ढगात सुई मनुष्याला गिळून टाकते. पण दुसरा माणूस बसविण्याचा शिरस्ता नेमका त्याच क्षणासाठी आहे. आमच्याकडे तर ज्येष्ठाला ‘साहेब’ म्हणण्याची सवय जिभेवर इतकी मुरलेली असते, की ‘साहेब, वेग कमी होतोय’ एवढे चार शब्द उच्चारण्यास कनिष्ठाला धैर्य लागते, आणि ते धैर्य आपण त्याला शिकविलेले नसते.

यास्तव दुपारच्या बैठकीत मी एक प्रस्ताव मांडणार आहे: सिम्युलेटरवरील प्रत्येक उपकरणाधारित अवतरणात शिक्षकाने एकदा पूर्वसूचना न देता वेग घसरू द्यावा, शेजारच्या विद्यार्थ्याने तो मोठ्याने सांगेपर्यंत स्वतः गप्प राहावे, आणि किती सेकंदांनी सांगितले ते त्याच्या दप्तरात नोंदवावे.