मुखदुर्बळांचा खो



आज सकाळी लवकर उठून मी बुलढाणा जिल्ह्यातल्या रोहिणखेडची मशीद पाहून आलो. परतताना वाटेत पोरींचा खो-खोचा सराव चालला होता, म्हणून थांबलो. एक किरकोळ अंगाची मुलगी पळत आली, पाटीवर बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीला तिने हात लावला आणि ओठ हलवले. आवाज आलाच नाही. सरांनी शिट्टी वाजवली. दुसऱ्यांदाही तसंच झालं. तिसऱ्यांदा मात्र ‘खो’ मला रस्त्यापर्यंत ऐकू आला.

शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांच्या या संमेलनात आज मला जे सांगायचं आहे ते त्या शिट्टीजवळच आहे. आपल्या मातीतले दोन मोठे खेळ आवाजावर उभे आहेत. खो ऐकू गेला नाही तर तो फाउल. कबड्डीत दम तुटला, शब्द स्पष्ट निघाला नाही, तर चढाई संपली. वर्गात उभं राहून एक वाक्य बोलताना ज्याच्या हातापायांना कंप सुटतो, त्या मुलाला इथे सगळ्यांदेखत ओरडावं लागतं. आणि तो ओरडला म्हणून कुणी हसत नाही, कारण सगळेच ओरडत असतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी लहानपणी तोतरा होतो. हजेरीला ‘हजर’ म्हणतानाही ‘ह’ वर जीभ अडकायची, आणि मागच्या बाकांवरून तो ‘ह-ह-ह’ माझ्यामागे घरापर्यंत यायचा. माझं खरं नाव पोरं विसरूनच गेली होती. आमच्याकडे तेव्हा कबड्डीला हुतूतूच म्हणत. पहिल्यांदा चढाईला गेलो तेव्हा तोच ‘ह’ तोंडात होता, पण तो अडकला नाही. एका लयीत, एका दमात म्हटलेला शब्द तोतऱ्या माणसालाही सहसा सोपा जातो, हे मला फार उशिरा कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं की माझ्या तोंडून आवाज निघतोय आणि समोरचे सात जण मागे सरकताहेत.

मैदानावर गेलो म्हणून चिडवणं थांबलं नाही. उलट मैदानावर त्याची धार जास्त होती. दोन कप्तान उभे राहायचे, आळीपाळीने गडी वाटून घ्यायचे, आणि शेवटी मी उरायचो. “घ्या हे पोट्टं, कच्चं लिंबू!” कच्च्या लिंबाची रीत प्रेमळ आहे, धाकट्या भावंडांना खेळात घेण्यासाठी ती आहे. पण बाराव्या वर्षीही ज्याला कच्चं लिंबू म्हणतात, त्याला रोज सगळ्यांसमोर नापास केलेलं असतं. आमच्या मास्तरांनी एके दिवशी काही न बोलता ही वाटणीच बंद केली. सगळ्यांना ओळीत उभं करून ‘एक-दोन, एक-दोन’ मोजायला लावलं. एक म्हणणारे इकडे, दोन म्हणणारे तिकडे. मला खेळाने वाचवलं असं मी बरीच वर्षं सांगत आलो. खरं म्हणजे अर्धं काम खेळाने केलं आणि अर्धं त्या मोजणीने.

अंगकाठी पाहून माणूस बाजूला काढण्याची आपली खोड जुनी आहे. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनाही कोल्हापुरात कॉलेजात असताना किरकोळ देहामुळे कुस्तीच्या स्पर्धेत नाव घालायला आधी नकार मिळाला होता. पुढे त्यांना हेलसिंकीला पाठवायला प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं, आणि १९५२ साली खाशाबांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं. त्या गहाणखताइतकी मोठी क्रीडासेवा मला दुसरी ठाऊक नाही.

प्रत्येक अबोल मुलाला बोलकं करायलाच हवं असंही मी मानत नाही. भिडस्तपणा हा स्वभाव आहे, तो राहू द्यावा. भेदरलेपण मात्र कुणीतरी दिलेलं असतं, आणि ते काढायला हवं. आपल्याच बुलढाण्याचा प्रथमेश जावकर २०२३ साली शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत जगातल्या अव्वल धनुर्धराला, माइक श्लोसरला, १४९-१४८ असा एका गुणाने हरवून आला. त्या खेळात ओरडायचं काहीच नसतं. श्वास धरायचा आणि बाण सोडायचा. ज्याला हुतूतूचा गोंगाट सोसत नाही, त्याच्या हाती धनुष्य द्या, त्याला लांब पल्ल्याचं पळू द्या.

शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने २०१० पासून शाळेत मुलाला मारायला आणि त्याचा मानसिक छळ करायला मनाई केली आहे. आपण छडी सोडली, हे चांगलंच झालं. पण ‘ए जाड्या, ए काळ्या’ अशी हाक मैदानावर आपल्याच तोंडून जाते, आणि दुसऱ्या दिवशी सगळी शाळा ती उचलते. मुलांमधली छळणूक पुष्कळदा आपण दिलेल्या नावापासून सुरू होते. हे बोलताना मला जड जातं, कारण नोकरीच्या सुरुवातीला मीही अशी नावं ठेवली आहेत.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे या दोन मराठी कर्णधारांनी दोन्ही चषक भारताला मिळवून दिले. त्याचा मला अभिमान आहे. पण माझी काळजी चषकापर्यंत न पोहोचणाऱ्या मुलांची आहे, पाटीवर बसून आपल्या पाठीवर कधी हात पडतो याची वाट पाहणाऱ्यांची.

दुपारी त्याच मैदानावर मुलींचा सामना आहे, असं सकाळी त्या सरांनी सांगितलं. मी येणार आहे. ती सकाळची मुलगी संघात आहे का, आणि संघ कसा निवडला, हे मला पाहायचं आहे.