छोल्यांचं पाणी आणि फ्रेंच मॅकरॉन



संयोजकांनी मला आधीच बजावलं होतं, "कॉम्प्युटरबद्दल बोलू नकोस, सध्या कशात रमतेस ते सांग." म्हणून आज मॅकरॉनबद्दल बोलते.

मॅकरॉन म्हणजे बदामाची पूड, साखर आणि अंड्यातला पांढरा भाग यांचं फ्रेंच बिस्किट. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९२ साली मठ बंद झाले, तेव्हा नान्सी शहरातल्या दोन नन मॅकरॉन करून विकू लागल्या. ते साधे आणि वरून भेगाळलेले असत. दोन चकत्यांमध्ये सारण भरलेला रंगीत मॅकरॉन पॅरिसमधला आणि विसाव्या शतकातला.

माझं प्रमाण सोपं आहे: सोललेल्या, कोरड्या बदामांची पूड १०० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, पांढरा भाग ७५ ग्रॅम आणि साधी बारीक साखर ७५ ग्रॅम. बदाम पिठीसाखरेबरोबर थांबत थांबत फिरवायचे, म्हणजे तेल सुटत नाही. पांढरा भाग साखर घालत घट्ट फेटायचा, त्यात पूड मिसळायची आणि मिश्रण उलथन्यावरून सलग पट्टीसारखं पडू लागलं की हात थांबवायचा. कागदावर चकत्या पाडून अर्धा-पाऊण तास ठेवायच्या. वरची साय बोटाला चिकटेनाशी झाली की ओव्हनमध्ये १५० अंशांवर साधारण १५ मिनिटं. वर साय धरलेली असल्यामुळे वाफ खालच्या कडेने बाहेर पडते, चकती उचलली जाते आणि कडेला झालर येते. फ्रेंच लोक तिला 'पाय' म्हणतात. पावसाळ्यात हवा दमट असल्याने साय लवकर धरत नाही, तेव्हा आमच्या बेडरूमचा एसी चकत्यांसाठी चालू असतो!

रोजच्या स्वयंपाकात माझी नजर घड्याळावर असते. इथे घाई चालतच नाही, म्हणून मला हे आवडतं.

पण एक गोष्ट खटकत होती. माझ्या सासूबाई अंडं खात नाहीत. ओट्यावर अंडी आली म्हणून त्यांनी कधी हरकत घेतली नाही, पण घरभर बदामाचा वास सुटायचा, आम्ही खायचो आणि त्या कौतुकाने बघत बसायच्या. एकदा म्हणाल्या, "दिसतो छान गं, पण आमच्या कामाचा नाही."

आठवतं ना, मधल्या सुट्टीत डबे एकत्र उघडायचो आणि "यात अंडं आहे का?" असं कुणी विचारलं की दोन-तीन हात मागे जायचे. कुणाचं चूक नव्हतं, ज्याच्या त्याच्या घरचा नियम होता. नियम मोडायला लावण्यापेक्षा पदार्थ बदलता येतो का, ते मला बघायचं होतं.

उत्तर निघालं छोल्यांच्या पाण्यात. छोले उकडलेलं पाणी फेटलं की फेस धरतं, हे २०१४ मध्ये जोएल रोसेल या फ्रेंच गृहस्थाने दाखवलं. पुढच्याच वर्षी गूस वोल्ट या अमेरिकन माणसाने नुसतं हे पाणी आणि साखर फेटून मेरिंग केलं आणि पाण्याला 'अ‍ॅक्वाफाबा' हे नाव दिलं. हा वोल्ट सॉफ्टवेअर इंजिनिअर! संयोजक, माफ करा, कॉम्प्युटर आलाच.

रात्रभर भिजवलेले छोले मीठ न घालता शिजवायचे. पाणी गाळून, आटवून, गार करायचं. अंड्याच्या पांढऱ्या भागाइतकं दाट झालं की तेवढ्याच वजनाचं घ्यायचं. लिंबाचे दोन थेंब घालून बराच वेळ फेटायचं. ओव्हनची आच कमी आणि वेळ जास्त. चण्याचा वास भाजताना उडून जातो.

सासूबाईंसाठी मी केशर-वेलचीचं सारण भरलं. त्यांनी एक खाल्ला, "गोड जरा जास्त आहे" म्हणाल्या आणि दुसरा उचलला.

आज चहाच्या टेबलावर दोन डबे ठेवले आहेत. गुलाबी अंड्याचे, पिवळे छोल्यांच्या पाण्याचे. बाई, पिवळे तुम्ही निःशंक घ्या. आणि मुलांनो, पिवळे संपवून टाकू नका. गुलाबी खाणाऱ्यांनाही तेच आवडतात, हा माझा अनुभव आहे.