भिंतीतला वड, कुंडीतला वड

(सोसायटीच्या गच्चीवर रविवारी सकाळी सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला बोन्सायवर बोलायला सांगितलं आहे. आयुष्यभर बँकेत लोकांची खाती पाहिली, निवृत्तीनंतर कुंड्यांची पाहतो. तेव्हा भाषण कमी आणि हिशेब जास्त झाला, तर सांभाळून घ्या.

टेबलावरचं हे झाड पुष्कळांच्या ओळखीचं असेल. मागच्या बाजूला ड्रेनेज पाइपच्या जोडाशी उगवलेला हा वड. पक्षी वडाची फळं खातात, बी भिंतीच्या फटीत पडतं आणि साकीनाक्याच्या धुळीतसुद्धा रुजतं. इमारतीला मात्र ते धोक्याचं. मुळं जाड होतात तशी फट रुंदावते आणि पाणी आत शिरतं. म्हणून मागच्या रंगकामाच्या वेळी परांची बांधली होती, तेव्हा ते काढलं. ते काढायलाच हवं होतं, त्यात दुमत नाही. फक्त टाकून न देता मी ते मागून घेतलं आणि एका जुन्या बादलीत लावलं. तीन वर्षं त्याला नुसतं जगू दिलं.

आता ते ट्रेमध्ये घ्यायचं आहे. आधी त्याचा जमा-नावे लिहू. नावे बाजू मोठी आहे. भिंतीला चिकटून वाढल्यामुळे मुळं एकाच बाजूला, तीही पंजासारखी चपटी. खोडावर छिन्नीचा घाव. खालचं वीतभर खोड मोकळं आणि फांद्यांची सगळी गर्दी वर. जमेला काय? मनगटाएवढं जाड खोड, जे लहान कुंडीत तयार व्हायला कित्येक वर्षं लागतात. आणि वडाची जात, म्हणजे चिवटपणा आलाच.

अशा झाडाला पुस्तकातल्या चित्रासारखं करायला जाऊ नये. झाड फिरवून फिरवून बघायचं, आणि त्याची समोरची बाजू कोणती ते आधी ठरवायचं. घाव मागे नेला तर मुळंही मागे जातात आणि समोर काहीच उरत नाही. म्हणून मी मुळांची बाजू समोर घेतली. घाव आता कडेला येईल. पुढे तिथे ढोलीसारखी खोबण झाली तर म्हाताऱ्या वडाला ती शोभेलच. आणि चपटी मुळं? ती भिंत धरूनच वाढली आहेत, तर त्यांना काळ्या दगडाचा तुकडा धरायला देऊ. दगडावर मुळं पसरलेलं झाड ही बोन्सायमधली मान्य शैली आहे. म्हणजे खोड ही होती, तीच रचना झाली.

आता कृती. वडाची कुंडी बदलायला मुंबईत पावसाळ्याचं तोंड उत्तम, कारण हवेत ओल असते आणि झाड जोरात फुटतं. माती थोडी सुकली की गोळा बाहेर काढायचा. बांबूच्या काडीने माती बाहेरून आत हळूहळू मोकळी करायची. गोल गोल फिरलेली मुळं कापायची, पण एकूण मुळांच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही. कापल्यावर चीक येतो, तो ओल्या फडक्याने टिपायचा. मुळं उघडी असताना पंख्याखाली बसून गप्पा मारू नयेत, ती सुकतात.

मातीसाठी दोन भाग विटांचे बारीक तुकडे, एक भाग जाडी रेती, एक भाग गांडूळखत. आधी सगळं चाळून धूळ काढून टाकायची. धूळ राहिली तर पावसाळ्यात चिखल बसतो आणि मुळं कुजतात. ट्रेच्या भोकांवर जाळी, आणि त्याच भोकांतून तार ओवून झाड दगडासकट पक्कं बांधायचं, कारण हलणाऱ्या झाडाची कोवळी मुळं तुटतात. मग भोकांतून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाणी. दोन-तीन आठवडे सावली, महिनाभर खत नाही.

फांद्यांना तार मात्र आज नाही. मुळांना आणि फांद्यांना एकाच वेळी हात लावणं म्हणजे एकाच पगारावर दोन कर्जं. पावसाळा संपून नवी पानं पक्की झाली की अ‍ॅल्युमिनियमची तार गुंडाळू आणि दोन फांद्या खाली आणू. तार सालीत रुतायच्या आत काढायची. उलगडायची नाही, तुकडे करून काढायची.

एका ताईंनी मघाशी विचारलं, हा झाडाचा छळ नाही का? प्रश्न रास्त आहे. उपाशी ठेवलेलं झाड लहान राहत नाही, मरतं. बोन्सायला रोज पाणी, ऊन, खत आणि ठरावीक वर्षांनी नवी माती लागते. छळ होतो तो विकत आणून टीव्हीशेजारी ठेवून दिलेल्या झाडाचा. पुण्यात फेब्रुवारी 2018 मध्ये प्राजक्ता काळे यांनी 3,333 बोन्साय एका ठिकाणी मांडून गिनीज विक्रम केला. त्यामागे किती दिवसांचं पाणी घालणं असेल, ते बघा.

आता माझा खरा मुद्दा. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या बोन्साय संग्रहालयात एक पाइन आहे, 1625 पासून जोपासलेला. 6 ऑगस्ट 1945 ला हिरोशिमावर बॉम्ब पडला, तेव्हा तो तिथल्या यामाकी कुटुंबाच्या आवारात होता, आणि वाचला. 1976 मध्ये मासारू यामाकी यांनी तो अमेरिकेला भेट दिला. त्याची ही कहाणी तिथल्या लोकांना 2001 मध्ये कळली, यामाकींचे नातू तो पाहायला आले तेव्हा. इतक्या वर्षांत किती हातांनी त्याला पाणी घातलं असेल! एका माणसाच्या आयुष्यात बोन्साय मावत नाही.

मी सत्तरी ओलांडली आहे. गुडघे गच्चीचे जिने मोजू लागलेत. एप्रिल-मे मध्ये या ट्रेला दिवसातून दोनदा पाणी लागतं, आणि दोन दिवस चुकले तर इतक्या वर्षांची कमाई जाते. म्हणून हा वड मी आज सोसायटीला देतो आहे. नोटीस बोर्डावर आठवड्याचा तक्ता लावला आहे, सात वारांपुढे सात घरं हवी आहेत. मुलांनी नावं दिली तर अधिक चांगलं, हे झाड त्यांच्या मुलांनाही पुरेल.

भगिनींना एक विनंती. वटपौर्णिमेला बाजारात वडाच्या तोडलेल्या फांद्या विकायला येतात. त्यापेक्षा पुढच्या वर्षी गच्चीवरच या, पूजेला आपला वड आहे. दोरा जरूर गुंडाळा, सैल गुंडाळा. दुसऱ्या दिवशी ज्याचा पाण्याचा वार असेल, त्याने तो कात्रीने कापून काढावा. तारेचा नियम दोऱ्यालाही लागू.

चला, आता बाह्या वर करा. गोळा बाहेर काढायला दोन मदतनीस हवेत.