अब्राहामाचे स्थलांतर आणि आपण

(महोत्सवानिमित्त मये येथे दिलेले भाषण)



हिब्रू धर्मग्रंथातील आद्यपुरुष अब्राहाम गोमंतकाला अपरिचित नाही. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ साली राशोल येथे छापलेल्या ख्रिस्तपुराणात तो मराठी ओवीतून आला आहे. त्याची कथा थोडक्यात अशी. बाप तेरह याच्याबरोबर त्याने ऊर नगर सोडले व ती मंडळी हारान येथे राहिली. पुढे ईश्वराची आज्ञा झाली आणि वयाच्या ७५ व्या वर्षी पत्नी सारा व पुतण्या लोट यांसह तो कनान देशी गेला.

हा देश तुझ्या संततीला देईन, असे वचन त्याला मिळाले होते. तरी तो जन्मभर तंबूतच राहिला. सारा वारली तेव्हा तिला पुरावयासही स्वतःची जागा नव्हती. आपण उपरे आहोत, असे हेब्रोनच्या लोकांना सांगून त्याने जागा मागितली. एफ्रोनने ती फुकट देऊ केली. परंतु अब्राहामाने ४०० शेकेल चांदी सर्वांदेखत तोलून दिली, आणि मगच शेत व गुहा आपली म्हटली.

यातील मर्म मयेकरांना समजावून सांगावयास नको. १९६१ नंतर येथील जमीनदार गोवा सोडून गेले. १९६४ च्या कायद्याने आपल्या घरांखालची जमीन सरकारी कस्टोडियनकडे गेली आणि मालकी हक्काचा कायदा व्हावयास २०१४ साल उजाडले. पिढ्यान्‌पिढ्या राबूनही हाती कागद नसणे म्हणजे काय, हे आपण भोगले आहे.

शेजारचे नार्वे पाहा. सोळाव्या शतकात दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराचे देऊळ पाडले गेले. भक्तांनी लिंग नदीपार आणले. गावाचे नावही बरोबर आले. १६६८ साली शिवाजीमहाराजांनी देवालयाचा जीर्णोद्धार करविला. देव आणणाऱ्यांचे धैर्य आपण वाखाणतो. परंतु या तीरावर कोणी जागा दिली, म्हणूनच देव स्थिरावला ना? त्यांचे स्मरण क्वचितच होते.

अब्राहामाला ते स्मरण होते. भर दुपारी तीन अनोळखी वाटसरू दिसताच तो वृद्ध धावत सामोरा गेला. त्याने पाय धुवावयास पाणी दिले, झाडाखाली बसविले, जेवू घातले. तुम्ही कोठले, हे त्याने विचारले नाही.

आज आपली मुले मुंबईस, आखातात, परदेशी जातात. परप्रांतीचे कामकरी आपल्या गावी येतात. आपला न्यास साहाय्य देताना गरज काय, हे आधी पाहो. मूळ गाव कोणते, हे मागाहून. हीच महोत्सवानिमित्त माझी विनंती.