पहिली दहा मिनिटं
(सेलू येथील साहित्य संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने मारधाडीच्या सिनेमावर बोलावं हे काहींना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. विषय कळल्यावर एका जुन्या स्नेह्यांनी फोनवर विचारलंच, "अहो, जनाबाईच्या जिल्ह्यात चाललात, आणि बोलणार कशावर, तर ढिशुम-ढिशुमवर?" मी म्हटलं, होय. गोष्ट सुरू कुठून करायची, हा इथे बसलेल्या प्रत्येकाचा रोजचा छळ आहे. आणि त्याचं उत्तर सगळ्यांत निर्दयी परीक्षकापुढे द्यावं लागतं ते मारधाडपटांना. कादंबरीचा वाचक पहिली वीस पानं लेखकाला उधार देतो. यात्रेतल्या तंबूत जमिनीवर बसलेला प्रेक्षक पाच मिनिटंसुद्धा देत नसे. पडद्यावर सेन्सॉरचं प्रमाणपत्र आलं की तो आधी त्यावरचा रिळांचा आकडा वाचायचा, शेजाऱ्याला मोठ्याने सांगायचा आणि मग मांडी ठोकून बसायचा. पैसे वसूल होणार की नाही याचा हिशेब आधी, कथा नंतर.

अशा प्रेक्षकाला खिळवायचं कसं? बहुतेकांना वाटतं, पडदा उजळताच गाडी उडवून द्यावी. मला हे साफ चूक वाटतं, आणि माझा साक्षीदार आहे ‘शोले’.

१५ ऑगस्ट १९७५ ला आलेला हा सिनेमा आपल्यापैकी निम्म्यांना तोंडपाठ आहे. पण तोंडपाठ असतात ते गब्बरचे संवाद. सुरुवात आठवून बघा. एक आगगाडी एका लहानशा, ओसाड स्टेशनात येते. वर्दीतला एक माणूस उतरतो. तो जेलर. त्याला न्यायला ठाकूरचा नोकर रामलाल आलेला असतो. दोघं घोड्यांवर बसतात आणि निघतात. बस्स. ना गोळी, ना किंकाळी. राहुलदेव बर्मनचं संगीत गिटारच्या ठेक्यावर चालू होतं, श्रेयनामावली सरकत राहते आणि घोडी मोठमोठ्या खडकांमधून, उघड्या माळावरून, वस्तीतून ठाकूरच्या हवेलीपर्यंत जातात. प्रेक्षक नावं वाचतोय असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात तो नकाशा पाठ करतोय. स्टेशन गावापासून लांब आहे. मध्ये खडक आहेत, त्यांच्याआड कुणीही दडू शकेल. गाव उघड्यावर आहे, हवेली जराशी बाजूला. हे गाव कर्नाटकातल्या रामनगरच्या खडकांत उभारलेलं होतं, पण त्या काही मिनिटांत ते आपलं होऊन जातं. पुढे होळीच्या दिवशी डाकू गावात घुसतात, तेव्हा ते कुठून आले, कुठे पळता येईल, कुठे नाही, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. भीती त्या समजेतून येते.

आता हवेलीत चला. ठाकूर अंगावर शाल घेऊन उभा आहे. जेलरकडे त्याचं मागणं विचित्र आहे: दोन गुन्हेगार शोधून द्या. कारण विचारल्यावर तो जुनी हकीगत सांगतो आणि आपण मालगाडीवर जातो. ही मारामारी पनवेलच्या बाजूला, मुंबई-पुणे लोहमार्गावर चित्रित झाली आणि तेवढ्यासाठी सात आठवड्यांहून जास्त काळ खर्ची पडला. त्या मालगाडीवर इन्स्पेक्टर ठाकूरचे दोन्ही हात धडधाकट आहेत. बंदूक चालवतात, सगळं करतात. धुमश्चक्रीत आपण इतके रंगतो की शालीचा विसरच पडतो. शालीखाली काय नाही, हे कळायला पुढे कितीतरी वेळ जावा लागतो. आणि त्याच मालगाडीवर, जखमी ठाकूरला इस्पितळात न्यायचं की पळून जायचं, यासाठी त्या दोन गुन्हेगारांतला जय नाणं उडवतो. त्या नाण्याचा खरा अर्थ शेवटी लागतो. म्हणजे कथेतलं सगळ्यांत मोठं दुःख आणि सगळ्यांत मोठी फसवणूक, दोन्ही लेखकांनी सुरुवातीलाच आपल्यासमोर ठेवली होती, उघड्यावर. सलीम-जावेदची ही कारागिरी मी मोठमोठ्या कादंबऱ्यांत शोधतो आणि क्वचितच सापडते.

मराठी माणसाने यात एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या सिनेमाला फिल्मफेअरचं एकच पारितोषिक मिळालं. ते नायकाला नाही, खलनायकाला नाही, दिग्दर्शकालाही नाही. ते मिळालं संकलक एम. एस. शिंदे यांना. कोणतं दृश्य किती वेळ पडद्यावर ठेवायचं आणि कुठे कात्री लावायची, हे ठरवणारा माणूस. मालगाडीवर डबा, इंजिन, घोडेस्वार, पुन्हा डबा असं कितीही वेगाने तुकड्यांमागून तुकडे आले, तरी कोण कुठे आहे याचा आपला गोंधळ होत नाही. आजच्या कित्येक मारामाऱ्यांत कुणाचा हात कुणाच्या नाकावर बसला हेच समजत नाही. असो.

स्टेशनवर सुरुवात करण्याची युक्ती ‘शोले’च्याही आधीची. सर्जिओ लिओने या इटालियन दिग्दर्शकाने १९६८ साली ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मध्ये तीन बंदूकधारी एका आडबाजूच्या स्टेशनवर नुसते वाट बघत बसवले. पवनचक्की करकरते. एकाच्या टोपीवर पाण्याचे थेंब पडतात. एकाच्या तोंडावर माशी बसते. संवाद जवळजवळ नाहीत. गाडी येते, कुणी उतरत नाही, गाडी निघून जाते, आणि मग पलीकडून हार्मोनिकाचा सूर येतो. मनमाडकडच्या गाडीची सेलूच्या फलाटावर वाट बघितलेल्या माणसाला यातली गंमत जास्त कळेल. ही लाइन मीटरगेज होती तेव्हाची माणसं इथे बसलीत. ताण म्हणजे काय हे त्यांना मी काय सांगणार!

थोडक्यात माझं म्हणणं एवढंच: पाहणाऱ्याला जागा नीट दाखवा आणि एकच गोष्ट त्याच्यापासून राखून ठेवा. आवाजाने दचका बसतो, पण ताण धरला जातो तो जागेच्या ओळखीने.

ही समज बाहेरून आलेली नाही, हेही सांगितलं पाहिजे. आपला गोंधळी काय करतो? संबळ सुरू होते आणि तो आधी देवतांना आवतण देतो, तेही गावांच्या नावांनिशी. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर. कथा लागण्याआधी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अख्खा मुलूख उभा राहतो. अफजलखानाच्या वधावरचा अगिनदासाचा पोवाडा घ्या. वध व्हायच्या आधी खान निघतो, मजल-दरमजल येतो, मुक्काम पडतात. प्रत्येक मुक्कामागणिक अंतर कमी होतं. कथा काय होणार हे ऐकणाऱ्याला माहीत असतं, तरी तो पुढे सरकून बसतो, कारण खान आता नेमका कुठवर आलाय हे त्याला दिसतंय.

आपल्या सिनेमालाही हे लवकर उमगलं होतं. बाबूराव पेंटरांनी १९२३ साली कोल्हापुरात ‘सिंहगड’ काढला, हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरून. कथेचा जीव रात्रीच्या लढाईत, आणि चित्रण तर उन्हावर चालणारं. पेंटरांनी कृत्रिम दिवे लावून रात्र उभी केली. पुढे १९३३ साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आली आणि तिथला पहिला चित्रपट ‘अमृतमंथन’ १९३४ मध्ये शांतारामबापूंनी दिला. त्याची सुरुवात आजही विद्यार्थ्यांना दाखवण्यासारखी आहे. अंधारं भुयार, ज्योतीच्या बुडापासून निघून गोलाकार फिरणारा कॅमेरा, चंडिकेच्या भक्तांची गुप्त बैठक. मग राजगुरूचा पडदाभर एकच डोळा. मराठीत ही भूमिका केशवराव दात्यांची, हिंदीत चंद्रमोहनची. तलवार उपसलेली नाही, पण इथून काहीतरी भयंकर निघणार हे आपल्याला पटलेलं असतं.

आणि ताण उभा करायला भुयार किंवा खडकच लागतात असंही नाही. निशिकांत कामतांचा ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) सुरू होतो तो माधव आपटे या बँकेतल्या माणसाच्या दिनक्रमाने. उठणं, डबा, लोकल, बँक, परत लोकल, झोप. पुन्हा तेच. पुन्हा तेच, जरा वेगात. हिंसा कुठेच नाही, तरी प्रेक्षक अस्वस्थ होतो. या माणसाचं काहीतरी तुटणार हे त्याला कळतं, फक्त कधी ते कळत नाही. मग त्याच्या हातात बॅट येते तेव्हा आपल्याला आश्चर्य वाटत नाही, जवळजवळ सुटल्यासारखं वाटतं. नागराज मंजुळेंच्या ‘सैराट’ची (२०१६) सुरुवात क्रिकेटच्या सामन्याने होते. माइकवरची गावरान कॉमेंट्री ऐकून आपण हसत असतो आणि तेवढ्यात मैदान कुणाचं, बक्षीस कोण देणार, कोणी कुणापुढे वाकायचं, हे सगळं मांडून झालेलं असतं. त्याला मारधाडपट म्हणत नाहीत हे मला माहीत आहे. पण शेवट ज्यांनी पाहिलाय त्यांनी पहिली दहा मिनिटं पुन्हा बघावीत.

कापूस-तुरीच्या या मुलखात जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या ‘सेव्हन सामुराय’चं (१९५४) नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. डाकू टेकाडावर येतात, खाली गाव दिसतं. लुटायला निघणार, तेवढ्यात एक जण म्हणतो की गेल्याच हंगामात इथलं धान्य नेलं, आता काही मिळणार नाही, जव पिकल्यावर येऊ. घोडी वळतात. आणि हे बोलणं ओझं घेऊन चाललेल्या एका शेतकऱ्याने ऐकलेलं असतं. पुढे सगळा गाव शिवारातलं पीक बघतोय. पीक जसं भरतं तसं मरण जवळ येतं. सुगीची भीती वाटावी, यापेक्षा शेतकऱ्याला उलटं काय असेल? दिवाळीच्या तोंडावर कापूस घरात यायला लागला की दारात कोण कोण येतं, हे जाणणाऱ्या लेखकाला कुरोसावा परका वाटायचं कारण नाही.

आता थोडं कडू बोलतो. अलीकडच्या मराठी ऐतिहासिक चित्रपटांत एक साचा बसलाय. काळ्या पडद्यावर भारदस्त आवाजातलं निवेदन, पुढे एक नकाशा, नकाशावर पेटत जाणारी आग, ढोल, संथगतीत उडणारी धूळ. पाच मिनिटांत छाती फुगते, पण आपण गडाच्या कोणत्या अंगाला उभे आहोत हे कळत नाही. खिंड किती अरुंद होती हे डोळ्यांनी दिसल्याशिवाय ती मूठभर माणसांनी अडवून धरण्याचं मोल कसं कळणार? निवेदकाने शंभर वेळा सांगितलं तरी नाही कळत. साहित्यातही हेच आहे. कथास्पर्धेसाठी येणाऱ्या कथा चाळताना पहिल्याच वाक्यात गोळी सुटते, रक्त उडतं. कुणाचं, कुठे, खोलीला दार किती, ते पानभर नाही. मला त्या रक्ताचं काही वाटत नाही.

आपल्याकडे सामग्री नाही असं म्हणू नका. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. निजामाविरुद्धच्या लढ्यात जानेवारी १९४८ च्या अखेरीस सरहद्दीवरच्या कॅम्पांतून आलेल्या स्वातंत्र्यसैनिकांनी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटली. पैसा लढ्यासाठी होता आणि त्याचा हिशेब ठेवला गेला. ‘द डार्क नाइट’मधला बँकेवरचा दरोडा बघून आपली पोरं टाळ्या वाजवतात, हा खरा घडलेला दरोडा आपल्या दारातला. पण तो लिहायचा तर आधी काय माहीत हवं? बँकेपासून स्टेशन किती पावलांवर? पोलिसांना बातमी कळायला किती वेळ लागला असता? बाजाराचा दिवस होता की नव्हता? रक्कम न्यायची कशी, आणि सरहद्द किती कोसांवर? हिशेबाची वही कोणाजवळ होती? या प्रश्नांची उत्तरं मिळवली की पहिली दहा मिनिटं अर्धी लिहून झाली. देशभक्तीपर भाषण लिहिलं तर नाही होणार.

म्हणून या मंडपातल्या तरुण लेखकांना माझी विनंती आहे. तुमच्या तालुक्यातली लढ्याची, दरोड्याची, पुराची, दंगलीची एक खरी घटना निवडा. त्या जागी जा, पायी फिरा, अंतरं मोजा. ज्यांनी पाहिलं किंवा घरात ऐकलं अशी म्हातारी माणसं अजून गावोगाव आहेत. त्यांना ‘काय झालं’ विचारण्याआधी ‘तुम्ही कुठे उभे होतात’ हे विचारा. आणि लिहाल तेव्हा पहिली गोळी दहाव्या पानाआधी झाडू नका. अशी दहा पानं ज्याच्याकडे तयार होतील त्याने माझ्याकडे पाठवावीत. मी वाचीन, आणि निर्मात्यांचे उंबरे झिजवायचे झाले तर तुमच्याबरोबर येईन.