ब्रेक ऑइलमध्ये ऑइल नसतं

मागच्या एपिसोडनंतर सगळ्यात जास्त आलेला मेसेज म्हणजे, "इंजिन सुरू झालं ना, मग गाडी चालवतानाचा व्हिडिओ कुठाय?" तर व्हिडिओ नाहीये, कारण गाडी चालवलीच नव्हती. इंजिन सुरू करणं एका रविवारचं काम निघालं. गाडी थांबवायची सोय करायला अकरा महिने लागले. आजचा एपिसोड त्या अकरा महिन्यांचा आहे, आणि थोडा घरचाही आहे.

जे पहिल्यांदा ऐकतायत त्यांच्यासाठी पटकन सांगतो. गाडी म्हणजे महिंद्राची एफसी-१५० पिकअप. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. ड्रायव्हर पुढच्या चाकाच्या वर बसतो, बॉनेट असं नाहीच, समोर काच आणि मागे हौदा. आमच्या गावात तिला 'बिननाकाची' म्हणायचे. डिझाइन मूळचं अमेरिकेतल्या विलीजचं, ब्रुक्स स्टीव्हन्स या डिझायनरने काढलेलं. तिकडे ती १९५६ च्या शेवटी आली, आणि आपल्याकडे महिंद्राने १९६५ पासून बनवायला घेतली. व्हीलबेस सीजे-५ जीपचाच, ८१ इंच. म्हणजे केबिन, इंजिन, ड्रायव्हर असं सगळं वजन पुढे, आणि हौदा रिकामा असला की मागचा भाग एकदम हलका. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, ती १९७२ साली सेकंडहँड घेतली. पन्हाळा तालुक्यातलं आमचं गाव, गुऱ्हाळ घरचं. गुळाच्या ढेपा भरून गाडी कोकणात उतरायची, येताना नारळ घेऊन यायची. १९८६ च्या डिसेंबरमध्ये आंबा घाट उतरताना ब्रेक गेले. पॅडल तळाला टेकलं. आबांनी गिअर पाडून, डोंगराच्या बाजूच्या गटारात चाकं घालून गाडी थांबवली. आबांना खरचटलंसुद्धा नाही, पण सोबतच्या गड्याचा हात मोडला. तो कोपरातून नीट सरळ झालाच नाही. गाडी ओढून आणली, गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी केली, आणि आबांनी परत कुठल्याच गाडीचं स्टिअरिंग धरलं नाही. गावात बोलणारे बोलले. आबा स्वतःही तेच म्हणायचे, "ब्रेकवर पाय ठिऊन उतरलो मी. वास येत हुता, तरी थांबलो न्हाई. चूक माझीच."

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकलीये. पण कोणी तो मास्टर सिलिंडर कधी उघडून बघितला नव्हता.

तर चाकं काढण्यापासून सुरुवात. डाव्या चाकाचा पहिला नट काढताना मी स्टड तोडला. जुन्या विलीज घराण्यातल्या गाड्यांना डाव्या बाजूला उलटे आटे असतात. मी पाइप लावून पूर्ण ताकदीने नट आवळत होतो आणि 'गंजलाय, गंजलाय' म्हणत होतो! मागचा ड्रम तर नुसता ओढून निघतच नाही, टेपर शाफ्टवर बसलेला असतो, त्याला हब पुलर लागतो. तो मी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडून उसना आणला. ड्रम उघडलात तर आतली धूळ हवेच्या प्रेशरने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. पाणी मारून, ओल्या फडक्याने पुसा, मास्क लावा.

मग मास्टर सिलिंडर. आतला पिस्टन ठोकून बाहेर काढला. त्याच्या पुढचा रबरी कप, ज्याला दुकानात बकेट किंवा वॉशर म्हणतात, तो बाहेर आल्यावर परत आत जाईना. फुगला होता, कडा मऊ, बोटाला काळं लागत होतं. चारही चाकांच्या सिलिंडरमध्ये तेच. चाळीस वर्षांत रबर कडक होतं, तडकतं, हे मला माहीत होतं. फुगतं कशाने?

ब्रेकमध्ये जे द्रव असतं त्याला आपण सगळे ब्रेक ऑइल म्हणतो. ते ऑइल नाहीये. ते ग्लायकॉल जातीचं रसायन आहे, डॉट-३, डॉट-४ वगैरे. ब्रेकचं रबर त्या द्रवात टिकेल असंच बनवलेलं असतं, आणि त्याच रबराला इंजिन ऑइलसारखं खनिज तेल लागलं की ते तेल पिऊन फुगतं. मी वाचलं होतं, पण खात्री करायची होती. लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या घेतल्या. एकीत डॉट-३, दुसरीत इंजिन ऑइल, दोन्हींत एकेक नवा कप. आठवड्याने काढले. वर्नियर लावायचीही गरज पडली नाही. तेलातला कप शेजारच्यापेक्षा डोळ्याला मोठा दिसत होता.

आता घाटात काय झालं ते बघा. मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक भोक असतं. पाय काढला की द्रव तिथून टाकीत परत जातं. कप फुगला की ते भोक झाकलं जातं. मग पाय काढला तरी ब्रेक सुटत नाहीत, लायनर ड्रमला घासत राहतात, तापतात, वास येतो. उष्णता द्रवापर्यंत पोचते, ते उकळतं, नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, त्यामुळे पॅडल तळाला जातं आणि चाकाला काहीच पोचत नाही. म्हणजे आबांना वास आला तेव्हा त्यांचा पाय ब्रेकवर नसला, तरी ब्रेक लागलेलेच होते.

हे मी रात्री जेवताना पप्पांना सांगितलं. जरा उत्साहातच सांगितलं, खरं तर. बग सापडल्यावर आपण स्टँडअपमध्ये सांगतो ना, तसं. "कोणीतरी त्यात इंजिन ऑइल ओतलं होतं," म्हटलं. पप्पा जेवायचे थांबले. मग म्हणाले, "मी ओतलंतं."

ते तेव्हा अठरा वर्षांचे. आबांनी सांगितलं, "उद्या घाट उतरायचाय, ब्रेक ऑइल बघ." पातळी कमी होती. शेडमध्ये ऑइलचा डबा होता. ऑइल म्हणजे ऑइल. अडतीस वर्षं त्यांना हे ठाऊकच नव्हतं, आणि मी ते भाकरी मोडता मोडता सांगून मोकळा झालो.

पप्पा म्हणाले, "आबांना मी सांगीन. तू आधी ब्रेक कर." त्या दिवसापासून हा प्रोजेक्ट माझ्या हौसेचा राहिला नाही.

आता पार्ट शोधण्याचं. हे मी सविस्तर सांगणार आहे, कारण जुनी गाडी घेऊन बसलेल्या प्रत्येकाला हेच लागतं.

पहिले तीन महिने मी नाव घेऊन फिरलो. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊस. "एफसी-१५० चं व्हील सिलिंडर किट आहे?" म्हटलं की काउंटरवरचा माणूस एक तर हसतो, नाहीतर "जीपचं घेऊन जा, बसतंय" म्हणतो. काही बसतं, काही नाही बसत, आणि काही बसल्यासारखं वाटतं. सगळ्यात धोक्याचं हे शेवटचं. अमेरिकेत या गाडीचे पार्ट विकणारे आहेत, पण शिपिंग आणि ड्यूटी धरली की रबराचे चार तुकडे माझ्या फोनच्या भावात पडत होते.

मग डोक्यात प्रकाश पडला. मी दिवसभर डेटाबेसवर काम करतो आणि इथे चुकीच्या कॉलमवर सर्च मारतोय. गाडीचं नाव ही प्रायमरी की नाही. बोअरचा व्यास ही प्रायमरी की आहे. कपाला गाडी माहीत नसते, त्याला फक्त भोक माहीत असतं. मी सगळी मापं इंचात घेतली, वहीत लिहिली, आणि नाना पेठेत परत गेलो. या वेळी गाडीचं नावच घेतलं नाही. "या मापाचा कप, ग्लायकॉल ब्रेकचा." वीस मिनिटांत तीन ठिकाणी मिळाला, दुसऱ्याच गाड्यांच्या किटमधून.

यातही दोन खड्डे आहेत. एक, जुना स्टॉक. पिवळ्या पडलेल्या डब्यातलं सीलबंद किट दिसलं की आपल्याला भरून येतं. पण रबर डब्यातही म्हातारं होतं. कपाची कड बोटाने दुमडून बघा, बारीक चिरा दिसल्या की ठेवून द्या. धातूचा जुना पार्ट जरूर घ्या, रबर नाही. दुसरा खड्डा डुप्लिकेट माल. एकाच ब्रँडच्या दोन डब्यांतले कप मी डॉट-३ मध्ये आठवडाभर बुडवले. एका डब्यातले होते तसे राहिले, दुसऱ्यातले तिथेच फुगले. बरणीची टेस्ट फुकटात होते. करा.

नळ्यांचं तर वेगळंच. जुन्या अमेरिकन वळणाच्या गाडीत ब्रेकची नळी ३/१६ इंच, म्हणजे ४.७६ मिलिमीटर. आजची ४.७५ ची नळी तिथे बिनधास्त चालते. पण नट? जुना ३/८ इंच, इंचाला २४ आटे. नवा १० मिलिमीटर, १ मिलिमीटर पिचचा. व्यासात अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही. इंची नट मिलिमीटरच्या भोकात सहज फिरतो, आवळल्यासारखाही वाटतो, आणि पूर्ण दाब आला की आटे सोलून बाहेर. या गाडीला सर्किट एकच आहे. एक नट निसटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. मी तीस रुपयांचं थ्रेड गेज घेऊन प्रत्येक जोड तपासला. नळीसाठी तांबं घेऊ नका, दिसायला छान, पण कंपनाने कडक होऊन तडकतं.

आणि मागचे व्हील सिलिंडर. आतून गंजाने खड्डे पडले होते, त्यावर नवा कप दोन दिवस टिकला नसता. एका दुकानात सल्ला मिळाला, "पुढचाच मोठा सिलिंडर मागे लाव, कोण बघतंय?" इथे थांबून हिशोब करू. समजा पुढचा बोअर एक इंच आणि मागचा पाऊण इंच. नऊ इंची ड्रमवाल्या जुन्या विलीज जीपमध्ये असंच होतं. क्षेत्रफळ काढा, ०.७८५ आणि ०.४४२ चौरस इंच. दाब सगळीकडे सारखाच, त्यामुळे मोठा सिलिंडर मागे टाकला की मागचा जोर पावणेदोन पट. आमच्या गाडीची मागची बाजू आधीच हलकी. ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होणार आणि हौदा पुढे यायला बघणार. कंपनीने मागचा सिलिंडर लहान ठेवला तो काटकसर म्हणून नाही.

शेवटी हब पुलरवाल्या मिस्त्रींकडेच गेलो. जुना सिलिंडर लेथवर थोडा मोठा करायचा, त्यात स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह दाबून बसवायची, आणि आतून होन करून मूळ मापावर आणायचं. मिस्त्री मामांनी आधी साफ नाही म्हटलं. "ब्रेकचं काम हाय बाळा. बिघडलं तर माझं नाव." मी त्यांना आंबा घाटाची गोष्ट सांगितली, ऑइलच्या डब्यासकट. ते काही बोलले नाहीत, सिलिंडर हातात घेऊन उजेडाकडे धरला. तीन आठवड्यांनी काम झालं. द्रव आत येतं त्या भोकाची कड त्यांनी आतून पॉलिश पेपरने हाताने गुळगुळीत केली होती. "हितं बर राहिला की कप कापतोय," म्हणाले. हे मी वाचलेल्या कुठल्याच लेखात नव्हतं.

बाकी पटकन. लायनर नवे रिव्हेट करून घेतले, तिन्ही होस नवे, मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून एअर काढली. पॅडल पहिल्या दिवशी स्पंजसारखं. दोन दिवस हैराण. मग कळलं, मास्टर सिलिंडरच्या स्प्रिंगच्या टोकाचा छोटा चेक व्हॉल्व्ह किटमध्येच नव्हता. दुसऱ्या किटमधला टाकला, पॅडल वर आलं. एका रात्री पप्पांनी पॅडल दाबून धरलं, मी चारही चाकांखाली वर्तमानपत्र पसरलं. सकाळी कागद कोरडे होते.

त्याच सकाळी पप्पा आबांना शेडमध्ये घेऊन आले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मी हौद्यामागे होतो, मुद्दाम पुढे गेलो नाही. आबा ८३ वर्षांचे, ऐकायला थोडं कमी येतं, त्यामुळे पप्पांना ते मोठ्याने सांगावं लागलं. दोनदा. आबा बराच वेळ गाडीकडे बघत होते. मग विचारलं, "म्हंजी पाय काढला तरी लागूनच हुता ब्रेक?" पप्पा म्हणाले, "होय." आबा म्हणाले, "मग त्येला सांगून या. माझ्या संगट हुता त्येला. त्यो अजून मला म्हणतोय, मालक, तुमी घाई केलासा."

ते काका आता सत्तरीचे आहेत, शेजारच्या वाडीत राहतात. सहा किलोमीटर. पहिली ट्रिप तीच. पप्पा स्टिअरिंगवर, आबा शेजारी, मी हौद्यात उभा. वेग वीसच्या वर नेला नाही. वाडीच्या आधी एक उतार आहे, खाली ओढ्याचा पूल. पप्पांनी उताराच्या अर्ध्यावर गाडी पूर्ण थांबवली, पाय काढला, चाकं सुटतायत का बघितलं, आणि परत थांबवली. असं तीनदा. आबा काहीच बोलले नाहीत, फक्त डॅशबोर्डवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

त्या घरी काय बोलणं झालं ते इथे सांगणार नाही, ते त्या दोघांचं आहे. तासभर बसलो, चहा दोनदा झाला. निघताना काकांनी वाकड्या हाताने हौद्याची फळी लावून दिली आणि म्हणाले, "आता घाटात कवा न्हेताय?" पप्पा म्हणाले, "आधी पावसाळा जाऊ दे."

घरी आल्यावर मी चारही ड्रमना हात लावून बघितला. मागचं डावं बाकीच्यांपेक्षा थोडं गरम आहे. ॲडजस्टमेंट घट्ट असणार. रविवारी उघडतो, म्हणून हब पुलर अजून परत दिलेला नाही. मिस्त्री मामांचा मुलगा हा पॉडकास्ट ऐकतो, त्याच्यामार्फत कळवतो की सोमवारी आणून देईन.