गाडी नाही, तरी सिग्नल लाल

(रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात मराठी रेल्वे व टपाल कामगारांच्या कुटुंबमेळाव्यात केलेले भाषण)



मी उभा राहिलो की महागाई भत्ता, रिक्त जागा नाहीतर पेन्शन यांवरच बोलतो. आज त्यातले काही नाही, म्हणून मागच्या रांगेतल्या मंडळींनी लगेच उठू नये. आजचा विषय घबराहटीचा आहे. ब्राह्मणपाऱ्यात आपण पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी बोलतो, पण हा शब्द मात्र हिंदीच वापरतो. मराठीत सांगायचे तर उगाचची धास्ती.

मी डॉक्टर नाही, मॅट्रिक झालेला माणूस. पण तीस वर्षे युनियनच्या कचेरीत बसतो आहे. लोक चार्जशीट घेऊन येतात, बदलीचे कागद घेऊन येतात, आणि ते काम झाले की दाराशी थांबून हळूच वेगळे काही सांगतात. रात्री दोनला दचकून जाग येते, छातीत धडधडते, हातपाय गार पडतात, आता संपलो असे वाटते. आणि शेवटी सगळे एकच म्हणतात, ‘कारण काहीच नाही हो.’ कर्ज फिटलेले, मुलगी नोकरीला लागलेली, घरात भांडण नाही. मग हे काय?

रेल्वेतल्या साथींना ट्रॅक सर्किट माहीत आहे. टपालातल्या बांधवांसाठी थोडे सांगतो. रुळाच्या एका तुकड्यात हलका विजेचा प्रवाह सोडलेला असतो आणि दुसऱ्या टोकाला रिले असतो. गाडी त्या तुकड्यावर आली की प्रवाह चाकांतून वळतो, रिलेपर्यंत पोहोचत नाही, रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. आता पावसाळ्यात खडी चिखलाने भरली, रुळांत पाणी तुंबले, तर प्रवाह वाटेतच गळतो. गाडी नाही, तरी रिले पडतो, सिग्नल लाल. यंत्रणा मुद्दामच तशी केली आहे. चुकायचे तर लालच्या बाजूने चुकावे, म्हणजे माणसे वाचतात.

आपल्या शरीरात अशीच यंत्रणा आहे. समोर साप आला की विचार करण्याआधीच मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. रक्तात ॲड्रेनलिन सुटते, हृदय जोरात चालते, श्वास वाढतो, पोटात खड्डा पडतो. पळायची नाहीतर लढायची ही तयारी. पण वर्षानुवर्षे रात्रपाळी, तुटकी झोप, कधीतरी बसलेला धक्का, काऊंटरवरचे टार्गेट, घरातले न बोललेले दुखणे यांचे पाणी साचत गेले, की साप नसतानाही घंटा वाजते. धोका खोटा असतो, पण धडधड खरी असते. म्हणून त्या माणसाला ‘तुला काही झालेले नाही’ म्हणणे चूक आहे. सिग्नल लाल असताना ड्रायव्हरला ‘तो लाल नाहीच’ असे आपण सांगतो का? आपण सिग्नलच्या मेंटेनरला बोलावतो.

ही गोष्ट रेल्वेइतकीच जुनी आहे. ९ जून १८६५ रोजी इंग्लंडात स्टेपलहर्स्ट येथे मोठा अपघात झाला. पुलावरचे रूळ दुरुस्तीसाठी काढलेले होते, मुकादमाने वेळापत्रक चुकीचे वाचले, आणि झेंडीवाला ठरलेल्या अंतरापेक्षा बराच जवळ उभा होता. दहा माणसे मेली. (आपले ट्रॅकमेन साथी हे ऐकून मान हलवत आहेत, ते मला दिसते आहे.) त्या गाडीत चार्ल्स डिकन्स हा मोठा लेखक होता. त्याला फारसे लागले नाही, उलट त्यानेच जखमींना पाणी पाजले. पण पुढे गाडीत बसला की, एवढेच काय साध्या घोडागाडीतही, त्याला अचानक भीतीचा लोंढा येई. ही भीती अकारण आहे हे त्याला कळत होते, तरी ती आवरत नव्हती. एवढ्या बुद्धिमान माणसाची ही गत, मग आपल्या गँगमनने का लाजावे?

त्या काळी अशा प्रवाशांनी भरपाई मागितली की कंपन्यांचे वकील त्यांना ढोंगी ठरवत. १८६६ साली एरिक्सन नावाच्या लंडनच्या सर्जनने म्हटले की रेल्वे अपघातात मणक्याला धक्का बसून हे होते. १८८३ साली हर्बर्ट पेज या दुसऱ्या सर्जनने सांगितले की मणका धड असूनही नुसत्या भीतीने माणूस असा आजारी पडतो. हा पेज स्वतः एका रेल्वे कंपनीचा सर्जन होता. मालकाच्या बाजूनेही कधी कधी खरे बोलले जाते, ते असे.

आता उपचाराचे. पहिले काम म्हणजे शरीर तपासून घेणे. थायरॉइड, रक्त कमी असणे, साखर, हृदयाची लय, यांतल्या कशानेही अशीच धडधड होते. चहा, तंबाखू आणि आपल्या छत्तीसगडचा लाडका गुडाखू, हेही हृदयाला चाबूक मारतात. रिपोर्ट चांगले आले, की लोक दुसरीकडे तोच ईसीजी पुन्हा काढतात, मग तिसरीकडे. नाहीतर बैगाकडे जातात. माझ्या माहितीतला एक साथी एका वर्षात चार ठिकाणी गेला आणि कर्ज काढून बसला. धास्ती होती त्यात कर्जाची भर पडली. तेव्हा एकदा नीट तपासणी करावी आणि पुढचा रस्ता मनाच्या डॉक्टरकडे धरावा.

तिथे विजेचे झटके देतात ही भीती बहुतेकांना असते. या आजाराला मुख्य उपचार बोलण्याचा आहे. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास एक पद्धत सुरू केली, आणि मराठीत ती विवेकनिष्ठ मानसोपचार या नावाने कि. मो. फडके यांनी आणली. तिचे सूत्र असे, की घटना आणि त्रास यांच्यामध्ये आपला विचार उभा असतो. छातीत धडधडले ही घटना. ‘हा हार्ट अटॅकच’ हा विचार. त्या विचाराने धडधड दुप्पट. समुपदेशक तुम्हाला तो विचार कागदावर लिहायला लावतो आणि पुरावा मागतो, अगदी आपण चौकशी अधिकाऱ्याला मागतो तसा. मागच्या वीस वेळा झटका आला, किती वेळा मेलात? झटका काही मिनिटांत शिगेला जातो आणि आपोआप ओसरतो, हे माणूस स्वतःच्या वहीत पाहतो. मग ज्या गोष्टी टाळत होता, त्यांच्याकडे त्याला पायरीपायरीने नेतात. गर्दीत जायला भीती वाटते, तर आधी दारापर्यंत, मग चौकापर्यंत. साधारण आठवड्याला एक, अशा दहा-बारा बैठका. काहींना सोबत गोळ्याही लागतात, त्यात कमीपणा नाही. मात्र मेडिकलच्या दुकानातून मित्राने सांगितलेली झोपेची गोळी आणून गाडीवर चढणे हा गुन्हाच समजा. त्या गोळीची सवय लागते आणि ड्युटीवर डोळा लागतो. डॉक्टरला आपले काम काय आहे ते आधी सांगा.

एवढे डॉक्टर आहेत कुठे, हा प्रश्न रास्त आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत, ज्यात छत्तीसगडही होते, मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नाहीत असे दिसले. गोव्यात संगत या संस्थेने साध्या शिकलेल्या माणसांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशनाला बसवले. २०१० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरकारी केंद्रांतले रुग्ण अधिक संख्येने बरे झाले होते. मग आपल्या रेल्वे इस्पितळांत आणि टपाल कर्मचारी जातात त्या दवाखान्यांत असा माणूस का असू नये? ही मागणी आपण लेखी द्यावी, असे माझे मत आहे.

खरी अडचण पुढेच आहे. लोको पायलट, स्टेशन मास्तर, पॉइंट्समन तोंड उघडत नाहीत, कारण मेडिकलमध्ये कॅटेगरी जाईल. ही भीती मात्र सकारण आहे, तिला मी मनाचा खेळ म्हणणार नाही. म्हणून कायदा माहीत करून घ्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० प्रमाणे, नोकरीत असताना अपंगत्व आले तर सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता किंवा खालच्या हुद्द्यावर टाकता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. साधी धास्ती म्हणजे अपंगत्व नव्हे, बहुतेक जण उपचाराने आपल्याच कामावर परततात. पण वेळ आलीच तर कागद आपल्या बाजूचा आहे. उलट लपवून गाडी चालवणाऱ्याच्या मागे हजार प्रवासी बसलेले असतात, त्यांचा विचार केला पाहिजे.

रायपुरात एम्समध्ये आणि आंबेडकर इस्पितळात मानसोपचार विभाग आहेत. ज्यांना समोर जाऊन बोलायचा संकोच वाटतो त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेलिमानस सेवा २०२२ पासून चालू आहे. फोन फुकट लागतो, रात्रीही उचलतात. नंबर १४४१६. ज्यांच्याजवळ पेन नाही त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडून चिठ्ठी न्यावी. कोणासाठी नेता, हे मी विचारणार नाही.